ज्याची हाक त्यालाच कळते



मागच्या खरिपात माझ्या हातून एक चूक झाली. तुमच्या हातून ती होऊ नये म्हणून आधी तीच सांगतो. मग त्या चुकीच्या पोटात मला सापडलेली एक नवलाची गोष्ट सांगतो.

कपाशीचे अडीच एकर रान होते. पात्या-फुले लागली तशी एकरी दोन या हिशेबाने पाच कामगंध सापळे लावायचे ठरवले. दुकानात गेलो आणि म्हणालो, "सापळे द्या, अन् आत टांगायच्या ल्यूर पण द्या." त्याने पुडकी पुढे केली, मी पैसे दिले. पुडक्यावर काय छापले आहे ते त्यानेही पाहिले नाही आणि मीही वाचले नाही. कामगंध म्हणजे कामगंध, त्यात वाचायचे काय, अशी माझी समजूत.

रोज सकाळी सापळे बघायचे आणि वहीत आकडा लिहायचा, हा नेम मात्र पाळला. गुलाबी बोंडअळीचे आठ पतंग एका सापळ्यात, तेही सलग तीन रात्री सापडले, तर फवारणीची वेळ आली, असे कृषी खाते सांगते. माझ्या सापळ्यात कधी दोन, कधी तीन, कधी एकही नाही. मी घरात मोठ्या ऐटीत सांगितले, "यंदा फवारणीचा खर्च वाचला."

दिवाळीच्या तोंडावर बोंडे फोडून पाहिली, तर आत गुलाबी अळी आणि खाल्लेली सरकी. वेचणीला बाया आल्या त्यांनी पदरातला कापूस ढिगावर ओतला, त्यात कवडीच फार. कोणी काही बोलले नाही, पण मला मान वर करवेना.

माझी पुतणी कृषी महाविद्यालयात शिकते. सुटीला आली होती. तिने वळचणीला खोचलेले रिकामे पुडके काढून वाचले आणि म्हणाली, "काका, ही तर घाटेअळीची ल्यूर आहे. हरभऱ्यावर येते ना, ती. गुलाबी अळीचा नर हिच्याकडे ढुंकूनही बघायचा नाही."

सापळ्यात पडले होते ते थोडेफार घाटेअळीचे पतंग, आणि मी त्यांनाच मोजत बसलो होतो. गुलाबी अळीचे पतंग शेजारून उडत होते, अंडी घालत होते, अन् माझ्या वहीत सारे आलबेल होते.

चुलीपाशी बसून घरच्या मालकीणबाई हे ऐकत होत्या. त्यांनी विचारले, "वास तो वास. एका पतंगाला येतो अन् दुसऱ्याला येत नाही, असं कसं गं?"

प्रश्न साधा, पण त्याच्या उत्तरासाठी शास्त्रज्ञांना पुष्कळ वर्षे झिजावे लागले आहे.

आधी पतंगाचे बघू. मादी आपल्या अंगातून एक द्रव्य हवेत सोडते आणि त्या मागावर नर येतो. असे द्रव्य पहिल्यांदा शुद्ध करून ओळखले ते जर्मनीतील बुटेनांट यांनी १९५९ साली, रेशमाच्या पतंगापासून. त्यासाठी सुमारे पाच लाख माद्या लागल्या आणि हाती आले ते काही मिलिग्रॅम. पुढे एकेका किडीचा कामगंध उलगडत गेला. गुलाबी बोंडअळीचा कामगंध दोन घटकांचा, जवळपास निम्मे-निम्मे. घाटेअळीचेही घटक दोन, पण वेगळे, आणि प्रमाण सत्त्याण्णवास तीन. गंमत अशी की तंबाखूवर येणारी घाटेअळीची एक चुलत बहीण हेच दोन घटक वापरते, पण प्रमाण जवळजवळ उलटे. एकाच डब्यातले तिखट-मीठ, पण एकीची आमटी दुसरीच्या घरच्यांना चालत नाही.

म्हणजे हाक वेगवेगळी आहे हे कळले. पण ती ओळखणारा कान कसा असतो? हे मर्म फार स्वच्छपणे उलगडले ते पतंगावर नव्हे, तर यीस्टवर. पावाचे पीठ फुगवते आणि माडी-ताडी आंबवते तेच हे यीस्ट. गोव्यात पूर्वी पाववाले पीठ फुगवायला माडीच घालत. एकेरी पेशीचा हा जीव एवढा बारीक की एका मिलिमीटरवर दोनशेच्या आसपास पेशी ओळीने बसतील. त्याला ना नाक, ना कान, ना पाय. तरीही तो आपला जोडीदार ओळखून निवडतो.

एरवी यीस्टचा संसार एकट्याचा. अंगाला कोंब फुटावा तशी पेशीला पेशी फुटते. खायला भरपूर असेल तर दीड-दोन तासांत एकाची दोन. पण या पेशींत दोन जाती आहेत, एकीला शास्त्रज्ञ 'ए' म्हणतात व दुसरीला 'अल्फा'. नर-मादी म्हणता येत नाही, कारण दिसायला दोन्ही सारख्या. अल्फा पेशी एक द्रव्य बाहेर सोडते, ते फक्त ए पेशीला कळते. ए पेशी आपले वेगळे द्रव्य सोडते, ते फक्त अल्फाला कळते. हाच यीस्टचा कामगंध. तो हवेत उडत नाही, ओलाव्यात पसरतो, एवढाच फरक.

हाक ऐकू आली की पेशी आपली वाढ थांबवते, कोंब काढणे बंद करते, आणि जिकडून हाक येते त्या बाजूला अंगाची चोच काढते. पाय नाहीत, म्हणून चालत जाता येत नाही, तर ती वाढत जाते. पलीकडची पेशीही तशीच चोच काढते. दोन्ही टेकल्या की मधली भिंत विरते आणि दोघींची एक पेशी होते.

आता यातला धोका लक्षात घ्या. हाकेला ओ देणे फुकट नाही. पेशी थांबली की आजूबाजूच्या पेशी वाढत राहतात आणि समोरचे अन्न फस्त करतात. हाक परक्या जातीची निघाली तर वेळही गेला आणि घासही गेला. त्यातून चुकीची जोडी जमलीच, तर पुढची पिढी खुंटते. घोडी आणि गाढव यांचे खेचर होते, ते ओझे वाहते, पण त्याचा वंश चालत नाही. यीस्टमध्येही तेच. पावाच्या यीस्टचे एक रानटी भावंड आहे. त्या दोघांत हाक इतकी सारखी की पेशी बिनदिक्कत जोड्या जमवतात. पण त्या संकराच्या बीजाणूंपैकी शंभरात जेमतेम एखादा जगतो. थंड हवेत बिअर आंबवणारे यीस्ट हाही असाच संकर. त्याचा एक पालक आपले ओळखीचे यीस्ट, आणि दुसरा २०११ साली दक्षिण अमेरिकेतील पॅटागोनियाच्या जंगलात सापडला. हा संकर टिकला तो कोंबावर, माणसाने जपला म्हणून. सांगायचा मुद्दा असा, की जवळच्या भावकीत कान फसू शकतो. भावकी जसजशी दूर जाते तसतसा तो पारखून घेतो.

हा पारखणारा कान म्हणजे पेशीच्या कातडीत बसवलेले एक प्रथिन. शास्त्रज्ञ त्याला रिसेप्टर म्हणतात. आपण सोयीसाठी कुलूप म्हणू, आणि कामगंधाला किल्ली. ए पेशीवर अल्फाच्या किल्लीसाठी जे कुलूप असते त्याचे नाव 'स्टे-दोन'. या नावामागे एक कथा आहे. जोडी न जमवणाऱ्या यीस्टच्या पेशी शास्त्रज्ञांना आढळल्या. त्यांनी त्या पेशींना इंग्रजीत वांझ या अर्थाचे नाव दिले, त्यातली पहिली अक्षरे म्हणजे 'स्टे'. पुढे खोलात गेल्यावर कळले, की यातल्या काही पेशी वांझ नव्हत्याच. त्यांचे कुलूप बिघडले होते. त्या बहिऱ्या होत्या. हाक येत होती, पण त्यांना ऐकू जात नव्हती. आपल्याकडेही माणसाला दोष चिकटवायची घाई फार होते, खरे कारण मागून कळते. असो.

हे कुलूप ४३१ मण्यांच्या माळेसारखे आहे. मणी म्हणजे अमिनो आम्ले, ज्यांची सारी प्रथिने बनतात. ही माळ पेशीच्या कातडीत सात वेळा आत-बाहेर ओवलेली असते, गोधडीत दोरा घालावा तशी. बाहेरच्या बाजूला किल्ली बसते, आतल्या बाजूला निरोप्या उभा असतो. किल्ली बसली की माळ किंचित हलते, निरोप्या सुटतो आणि आत वर्दी देतो. याच घडणीची कुलुपे माणसाच्या अंगातही आहेत. डोळ्यात उजेड टिपणारे प्रथिन याच घडणीचे, आणि भीती वाटल्यावर छाती धडधडवणाऱ्या अॅड्रेनलिनचे कुलूपही याच घडणीचे. पतंगाच्या मिशीतली कुलुपे निराळ्या बनावटीची असतात, पण नियम तोच, ज्याची किल्ली त्याचे कुलूप.

अल्फाची किल्ली म्हणजे अवघ्या तेरा मण्यांची माळ. क्लायव्हेरी नावाचे दुसऱ्या जातीचे एक यीस्ट आहे, त्याची किल्लीही तेराच मण्यांची. दोन्ही शेजारी ठेवल्या तर पहिले चार मणी तेच आणि शेवटचे तीन मणी तेच. फरक आहे तो मधल्या भागात, पाच मण्यांचा. आता किल्लीचे कामही वाटून दिलेले आहे. शेपटाकडचे मणी मुख्यतः कुलपाला धरून ठेवतात, तोंडाकडचे मणी कुलूप फिरवतात, आणि मधला भाग माळेला बाक देतो. धरणारा हात तोच, फिरवणारे बोट तेच, पण मधला बाक वेगळा. तेवढ्यावर आपले आणि परके ठरते.

पण परके ठरवते कोण? किल्ली, कुलूप, की पेशीच्या आतले आणखी काही? १९८८ साली मार्श आणि हर्स्कोविट्झ या अमेरिकी शास्त्रज्ञांनी याचा निकाल लावला. पावाच्या यीस्टमधले स्टे-दोनचे जनुक काढून टाकले आणि त्या जागी क्लायव्हेरीचे कुलूप बनवणारे जनुक घातले. पेशी पावाच्या यीस्टची, आतला निरोप्या तिचाच, चोच काढायची रीत तिचीच, फक्त कुलूप परके. ती पेशी क्लायव्हेरीच्या हाकेला ओ देऊ लागली. आवडनिवड सारी कुलपातच होती. नंतर याच दोन कुलपांचे तुकडे एकमेकांत जोडून पाहिले, तेव्हा आणखी एक गोष्ट दिसली. पारख करणारी जागा कुलपात एका ठिकाणी नाही. माळेवर एकमेकांपासून दूर असलेले भाग मिळून ती करतात. माळ घडी घालून बसते तेव्हा हे दूरचे भाग शेजारी येतात, जसे लुगड्याचे दोन काठ घडीत एकावर एक येतात. २०२१ साली इंग्लंडमधील केंब्रिजच्या शास्त्रज्ञांनी हे कुलूप किल्लीसकट अतिथंड करून सूक्ष्मदर्शकाखाली टिपले. त्यात कुलुपे जोडीजोडीने, दोन-दोन, बसलेली दिसली.

इथवर आले की एक कोडे उभे राहते. किल्लीत बदल झाला तर जुन्या कुलपात ती बसणार नाही. कुलूप बदलले तर जुनी किल्ली चालणार नाही. मग जगात नवी किल्ली आणि नवे कुलूप आले कसे? एकटा बदलला तो एकटा राहिला, वंश संपला.

या कोड्यावर जपानमधील ओसाका येथे सेइके, शिमोदा आणि त्यांच्या सोबत्यांनी काम केले. त्यांनी निवडले ते दुसरेच यीस्ट, पाँबे नावाचे. पूर्व आफ्रिकेत भरडधान्याची बिअर करतात, तिला स्वाहिली भाषेत 'पाँबे' म्हणतात. तिच्यातच हे १८९३ साली सापडले, म्हणून हे नाव. याला कोंब फुटत नाही, पेशी मधोमध दुभंगते. यातही दोन जाती, 'पी' आणि 'एम'. एमची किल्ली नऊ मण्यांची आणि तिला तेलकट शेपूट. पीची किल्ली तेवीस मण्यांची, पाण्यात सहज पसरणारी.

त्यांनी एमच्या किल्लीतले मणी एकेक करून बदलले. कित्येक बदलांनी किल्ली निकामी झाली, जोडी जमेना. मग त्यांनी पलीकडच्या कुलपातही बदल करत करत असे कुलूप शोधले, ज्यात ही नवी किल्ली बसते. ते सापडले. नवी किल्लीवाल्या आणि नवे कुलूपवाल्या पेशी एकमेकींशी जोडी जमवू लागल्या, पण जुन्या मंडळींशी त्यांचा रोटीबेटी व्यवहार बंद झाला. हे त्यांनी २०१५ साली प्रसिद्ध केले. चार-दोन मणी इकडचे तिकडे, आणि एका घराची दोन घरे झाली. नवी जात होण्याची पहिली पायरी प्रयोगशाळेतल्या काचेच्या ताटलीत घडली.

पण हे झाले माणसाच्या हाताने. निसर्गात काय? त्यांनी ठिकठिकाणी मिळालेले पाँबेचे १५० रानटी वाण तपासले आणि २०१९ साली निष्कर्ष मांडला. एमची किल्ली आणि तिचे कुलूप १५० च्या १५० वाणांत जसेच्या तसे, एका मण्याचाही फरक नाही. पीची किल्ली आणि तिचे कुलूप मात्र वाणागणिक बदललेले. मग त्यांनी पाँबेचे एक नातलग यीस्ट घेऊन त्याच्या किल्ल्या लावून पाहिल्या. त्याच्या एमच्या किल्लीला पाँबेने दाद दिली नाही. त्याच्या पीच्या किल्लीला मात्र थोडीफार ओ दिली.

म्हणजे घराला दोन दारे आहेत. एका दारावर कडक पहारा, तिथे ओळख पटल्याखेरीज प्रवेश नाही. दुसऱ्या दारावरचा राखणदार जरा सैल, थोडा फरक चालवून घेणारा. जात राखायचे काम कडक दार करते. सैल दारामुळे बदलाला जागा राहते. किल्ली थोडी बदलली तरी पेशी लगेच एकटी पडत नाही, आणि मागाहून कुलूपही बदलायला सवड मिळते. हे त्या शास्त्रज्ञांचे अनुमान आहे, पण मला ते पटते. दोन्ही दारे कडक असती तर बदल घडलाच नसता. दोन्ही सैल असती तर जात उरली नसती.

मालकीणबाईंना हे सारे पुतणीने सांगितले, तेव्हा त्या म्हणाल्या, "म्हणजे वास येतो-जातो असं नाही. ज्याच्याकडे कुलूप नाही त्याच्यासाठी तो वास जगातच नाही." मला त्यापेक्षा सोपे सांगता आले नसते.

आता तुम्ही विचाराल, या सगळ्याचा आपल्या रानाशी संबंध काय? दोन ठिकाणी आहे.

पहिले असे. कुलूप बदलले की पेशीचा कान बदलतो, हे कळल्यावर शास्त्रज्ञांनी यीस्टलाच राखणीला बसवायचा विचार केला. पिकावर येणाऱ्या कित्येक बुरश्यासुद्धा अशीच कामगंधाची हाक देतात. २०१७ साली अमेरिकेतील कोलंबिया विद्यापीठाच्या मंडळींनी पावाच्या यीस्टमध्ये अशा रोगकारक बुरशीची कुलुपे बसवली. त्यात भातावर करपा आणणारी बुरशी होती, द्राक्षावर राखी बुरा आणणारीही होती. माणसाला त्रास देणाऱ्या बुरश्याही होत्या. त्यांनी अशी योजना केली की कुलपात किल्ली बसली की यीस्टने टोमॅटोतला लाल रंग बनवावा. रंग दिसला की समजायचे, रोग दारात आहे. ही वस्तू अजून आपल्या कृषी सेवा केंद्रात मिळत नाही, पण वाट दिसली आहे. तसेच २०१३ साली स्वीडनमधील लुंड येथे पतंगाची दोन जनुके यीस्टमध्ये घालून पतंगाच्या कामगंधाचा कच्चा घटक यीस्टकडून बनवून घेतला. उद्या ल्यूर आंबवणीच्या पिंपातून निघू लागली तर नवल वाटायला नको.

दुसरे संबंध आजचे आणि बिनखर्चाचे आहेत. विदर्भ-मराठवाड्यात २०१७ साली गुलाबी बोंडअळीने जो घात केला तो आपण विसरलेलो नाही. म्हणून सापळा लावताना एवढे करा. ल्यूर घेताना पिकाचे नाव सांगू नका, किडीचे नाव सांगा. कपाशीवर गुलाबी बोंडअळीही येते आणि अमेरिकन बोंडअळीही येते, आणि अमेरिकन बोंडअळी म्हणजेच हरभऱ्यावरची घाटेअळी. दोघींच्या ल्यूर वेगळ्या. पुडक्यावरचे किडीचे नाव आणि मुदत स्वतः वाचा, चष्मा नसेल तर पोराला वाचायला सांगा. एका सापळ्यात एकच ल्यूर टांगा. एका किडीची ल्यूर हाताळलेल्या हाताने दुसऱ्या किडीची धरू नका, मध्ये हात साबणाने धुवा, कारण पतंगाला बोटाला लागलेला अंशही कळतो. मुदत संपली की ल्यूर बदला. आणि सापळ्यात पडलेला पतंग कोणाचा आहे ते बघून मोजा. गुलाबी अळीचा पतंग लहान, करड्या-तपकिरी रंगाचा. घाटेअळीचा त्याहून चांगला मोठा आणि मातकट. सापळा रिकामा दिसला तर लगेच निर्धास्त होऊ नका, आठवड्यातून एकदा चार-दोन हिरवी बोंडे फोडून बघा. सापळा रिकामा असण्याची कारणे दोन असतात. एक तर कीड नाही, किंवा तुम्ही तिला परक्या भाषेत हाक मारत आहात.

यंदा मी पुडके पुतणीला वाचायला लावले आणि नाव वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवले. मालकीणबाईंनी खाली आपल्या हाताने लिहिले आहे, "आधी वाचा, मग टांगा." वही ओसरीवर खुंटीला अडकवली आहे. ज्याला बघायची असेल त्याने यावे.

राम राम.